स्वप्नालीचा बोर्ड

८ जानेवारी

स्वप्नाली म्हणाली, "पप्पा, गिऱ्हाइकांवर ओरडू नका. वहीत ओरडा." पतसंस्थेची फुकट आलेली डायरी तिनंच हातात दिली. तर ओरडतो.

सकाळी एक जण दुकानात आला, वाढदिवसाचा फ्लेक्स करायला. मापाचं बोलता बोलता म्हणाला, "पोरीला रक्ताचा कॅन्सर हाय म्हणं?" मी म्हटलं, कॅन्सर नाही. "मग काय हाय?" अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. "म्हंजी कॅन्सरच की." त्याचा पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला आणि समोरचं दुकान दाखवलं. बायको, राजेश्वरी, म्हणते, असं केलं तर इंदापुरात आपल्याकडं बोर्ड करायला कोण येणार. नका येऊ.

कॅन्सर नाही. लागत नाही. कुणाचं काही बाधलेलं नाही. मटणाची नळी ओढताना जो मगज तोंडात येतो, तसा माणसाच्याही हाडात असतो. त्यात रक्त तयार होतं. स्वप्नालीच्या मगजानं काम थांबवलंय. दिवाळीनंतर बारामतीच्या होस्टेलवर तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर निळे डाग उठले, आणि पुण्यात कंबरेच्या हाडातून तपासणी झाल्यावर हे नाव कळलं. पुण्याचे डॉक्टर आमच्या भागातले दिसले. म्हणाले, "कारखाना बंद पडलाय असं समजा."

एवढं सोपं आहे. तरी जो येतो तो बीट आणतो, डाळिंबं आणतो, गूळ-शेंगदाणे आणतो. भिगवणहून एका पाहुण्यानं मरळ मासा पाठवला, रक्त वाढतं म्हणून. कारखानाच बंद आहे तर गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकून साखर पडणार आहे का?

१४ जानेवारी

संक्रांत. रणजितचा रिपोर्ट आला. जुळलं नाही.

डॉक्टर आधीच म्हणाले होते, जुळणाऱ्या माणसाचा मगज घालावा लागेल; आईबापाचा अर्धाच जुळतो, सख्ख्या भावाशी पूर्ण जुळायची शक्यता चारांत एक. तरी रणजित परीक्षेत नापास झाल्यासारखा जिन्यात बसून राहिला. एमआयडीसीतली नोकरी, दंडाची बेडकी दाखवत फिरणारा गडी, आणि बहिणीच्या कामाला आला नाही म्हणून रडत होता. स्वप्नालीनं आतल्या खोलीतून त्याला मेसेज केला, 'जन्मात एकदा माझ्यासारखा हुशार निघायचा चान्स होता, तोही घालवलास.'

आता परकं माणूस शोधायचं. पुण्याच्या एका संस्थेतल्या मोना मॅडमनं फोनवर समजावलं. अठरा ते पन्नास वयाच्या धडधाकट माणसानं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून द्यायची. झाली नोंद. कुणाशी जुळलं तर पुढचं. ते पुढचंही भूल देऊन कंबरेच्या हाडातून काढतात, आणि काढलेला मगज काही आठवड्यांत परत भरतो.

मी नातेवाइकांना फोन लावत बसलो. "मणक्यातनं काढत्यात. माणूस कायमचा वाकतो. आमच्या पोराचं लगीन व्हायचंय अजून." मणक्याला कुणी हात लावत नाही, असं मी सांगायला लागलो की पलीकडचा म्हणतो, आवाज येत न्हाय. हॅलो. हॅलो. आणि बंद.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना राजेश्वरीनं फाटकातच थांबवलं. स्वप्नालीच्या अंगात जंतूंशी लढायला पेशीच नाहीत, बाहेरचं माणूस आत नको. बायका तिळगूळ न घेताच गेल्या. एक जण जाता जाता म्हणाली, "एवढं काय लपवायचंय?"

२५ जानेवारी

विजयसिंहांचा वाढदिवस. हे आमच्या वॉर्डातले होऊ घातलेले पुढारी. त्यांचे बोर्ड मीच छापले. मध्ये विजयसिंह, हात जोडून, आणि भोवती शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची दाटी. एका शुभेच्छुकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान आला म्हणून काल दोघं दुकानात भांडले.

वाढदिवसाला रक्तदान शिबिर होतं. मी विनवणी करून मंडपात एक टेबल मिळवलं. मोना मॅडम पुण्याहून एसटीनं आल्या, काड्यांच्या पाकिटांचं खोकं मांडीवर घेऊन. रक्तदानाची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, कारण रक्त देणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा मोठा जार मिळत होता. आमच्या टेबलाशी एक जण थांबला.

"हितं काय मिळतंय?"

मोना म्हणाल्या, "कुणाचा तरी जीव वाचतो."

"त्ये हायच. पर मिळतंय काय?"

तो गेला. दुपारी स्वतः विजयसिंह आले. काडी हातात घेतली, ओठांजवळ धरली आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले. मोना म्हणाल्या, "सर, तोंड उघडा." विजयसिंहांनी फोटोग्राफरला विचारलं, "आला का?" आला म्हटल्यावर काडी टेबलावर ठेवून गेले. दिवसभरात आमच्या टेबलाला लागलेली काडी तेवढीच, तीही कोरडी. संध्याकाळी तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला, 'सामाजिक बांधिलकी' असं वर लिहून.

खोकं आमच्याकडंच ठेवून मोना मॅडम गेल्या. पुढच्या शिबिराला लागेल म्हणाल्या. कुठलं पुढचं शिबिर?

३ फेब्रुवारी

स्वप्नालीला बारामतीला नेऊन प्लेटलेट चढवून आणल्या. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरामागं अडकलो. दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा दणदणाट. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी हॉर्न वाजवला नाही, ही नवलाची गोष्ट म्हणून लिहून ठेवतो.

दुकानात श्रद्धांजलीचे दोन बोर्ड केले. राखाडी रंग, एकच फोटो, कोपऱ्यात समई. अशा कामाला हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. हल्ली मला हीच कामं बरी वाटतात. वाढदिवसाचं काम आलं की चिडचिड होते.

९ फेब्रुवारी

ताप आला होता. पाच दिवस दवाखान्यात काढून काल घरी आणली. औषध चालू आहे, पण डॉक्टर म्हणाले, जुळणारा दाता लवकर सापडला तर बरं. पुढचा ताप असाच उतरेल याची खात्री देता येत नाही, म्हणाले. हे त्यांनी स्वप्नालीसमोर सांगितलं. तिनं विचारलं, "लवकर म्हणजे?" ते म्हणाले, "जितकं लवकर."

गावोगावच्या लोकांचे चेहरे मी आयुष्यभर चौकात टांगले. माझ्या पोरीसाठी एक बोर्ड करायला मला कुणाची परवानगी पाहिजे? आज दुकानात बसून एका दमात केला. त्यावर पुढारी नाही, शुभेच्छुक नाहीत, भगभगीत रंग नाहीत. एकटी स्वप्नाली, कॉलेजच्या ओळखपत्रातल्या फोटोत. शांत पार्श्वभूमी. वर 'आपली लाडकी स्वप्नाली'. खाली 'कु. स्वप्नाली दादासो कोळेकर, जन्म : मार्च २००६', म्हणजे वय कळेल. आशेचं चिन्ह म्हणून कोपऱ्यात एक दिवा. त्याखाली आजाराची सगळी माहिती, माझा नंबर, आणि शेवटी 'समस्त कोळेकर परिवार'. माहिती जास्त झाल्यानं अक्षर बारीक करावं लागलं, पण ज्याला वाचायचंय तो वाचेल.

इतका देखणा बोर्ड मी बऱ्याच दिवसांत केला नव्हता. स्वप्नालीला दाखवला नाही. एकदम चौकातच बघू दे.

११ फेब्रुवारी

इंदापूरच्या स्टँडवर, भिगवणच्या रस्त्याला आणि लासुर्ण्यात बोर्ड लागले. लोक गाड्या थांबवून बघत होते. दोघातिघांनी तर बोर्डाला हात जोडले. मला भरून आलं. पण दिवसभरात एकाचाही फोन नाही. हात जोडायला वेळ आहे, नंबर फिरवायला नाही.

१२ फेब्रुवारी

नीट लिहितो, कारण उद्या कुणी विचारलं तर खोटं वाटेल.

सकाळी दुकानाला निघत होतो तर दारात रिक्षा थांबली. लासुर्ण्याची सिंधुआत्या उतरली आणि फाटक धरून तिनं हंबरडा फोडला. मला वाटलं, हिंदुरावतात्या गेले. तिचे यजमान, आमच्या भावकीत सगळ्यांत वडीलधारे. मी विचारलं, "आत्या, तात्यांना काय झालं?"

रिक्षातून तात्याच खाली उतरले. "मला काय झालंय? पोरीची माती किती वाजता हाय?"

मी दोन पावलं मागं सरलो. तेवढ्यात मागून टेम्पो आला. सुप्याकडचे पाहुणे. मग भिगवणचे. मग आमची गल्ली. कुणीतरी माझ्याच दुकानातला जुना फ्लेक्स उलटा करून अंगणात अंथरला आणि गडी माणसं खाली माना घालून बसली. शेजारणीनं पिठलं-भाकरीची पाटी आणली, आज या घरात चूल पेटणार नाही म्हणून. राजेश्वरी स्वयंपाकघरात पोहे करत होती, ती उलथनं घेऊनच बाहेर आली. बायका तिच्या गळ्यात पडल्या.

"जिती हाय ती," मी ओरडलो. "आत झोपलीया." जितक्या मोठ्यानं ओरडलो तितके लोक जास्त कळवळले. दोघांनी मला धरून खाली बसवलं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बापाला सोसंना."

काल विजयसिंहांनी बोर्डाचा फोटो टाकून सगळ्यात आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं, ते तेव्हा कळलं. कॉलेजच्या ग्रुपवरही पोचलं होतं. तिच्या मैत्रिणीनं रडणारे चेहरे टाकून खाली लिहिलं होतं, माझी प्रॅक्टिकलची वही अजून तिच्याकडंच आहे.

मी हात सोडवून एकेकाला फाटकाबाहेर काढणार होतो. माणसं आहेत का बैल? खाली एवढं लिहिलंय, फोटोखाली तीन बोटांवर नंबर दिलाय, वाचता येत नाही? तेवढ्यात आतल्या खोलीची खिडकी उघडली. मास्क लावलेली स्वप्नाली गजांमागं उभी होती.

सिंधुआत्याचा सूर मध्येच तुटला. एक बाई चपला टाकून फाटकाकडं पळाली.

"आत्या, मी हाय," स्वप्नाली म्हणाली. "रडू नको. आणि ती भाकरी परत दे, मला बाहेरचं चालत न्हाय."

कुजबुज सुरू झाली. "असली चेष्टा करत्यात व्हय?" "ऊसतोडणीची टोळी टाकून आलोय मी." माणसं फ्लेक्सवरून उठायला लागली. तोंडं अशी की आम्हीच त्यांना फसवलं. पोरगी जिवंत निघाली याचा आनंद एकाच्याही तोंडावर नव्हता.

"बसा," स्वप्नाली म्हणाली. तिला दम लागत होता, आवाज मोठा निघत नव्हता, म्हणून सगळे ऐकायला थांबले. "मी मेले म्हणून कामं टाकून आलात. सुप्यावरनं टेम्पो केलात. जिती असताना त्या मंडपात टेबल मांडलं हुतं, तितं कुणी फिरकलं न्हाय. मरायचीच वाट बघत हुता का? डाक्टरांनी मला वरीस-सहा महिन्यांचा पण भरवसा दिला न्हाय. मला एक माणूस पायजे. तुमच्यात असंल, नसंल. आल्यासारखं तोंड उघडून जावा."

दुखवट्याला बसलेली माणसं आमच्याकडं आपल्या मनानं उठत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यानं "उठा आता" म्हटल्यावर उठायचं. सगळ्यांनी हिंदुरावतात्यांकडं बघितलं. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काडी कुठंय ती?"

"तात्या, पन्नाशीच्या आतलंच चालतंय," स्वप्नाली म्हणाली.

तात्यांना ते लागलं. टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मग ज्याचं वय बसतंय त्यानं बसा. उठायचं मी सांगंन तवा."

रणजितनं खोकं आणलं. मोना मॅडमना व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत उभा केला. पहिली अडचण तोंडांचीच. कुणाच्या गालात तंबाखू, कुणाच्या गुटखा, बायकांची मशेरी. नळावर चूळ भरायला रांग लागली. मोरी लाल झाली. मोना मॅडम प्रत्येकाला विचारत होत्या, मनापासून देताय ना, उद्या कुणा अनोळखी माणसाशी जुळलं तर मागं फिरणार नाही ना. जबरदस्ती नाही, असंही म्हणाल्या. ते ऐकून चौघं उठले. मी त्यांच्या मागं धावलो, तर खिडकीतून आवाज आला, "पप्पा, जाऊ द्या. नंतर न्हाय म्हणण्यापेक्षा आताच बरं."

खोकं रिकामं झालं. तात्या म्हणाले, "उठा आता." राजेश्वरीनं सगळ्यांना पोहे दिले. दुखवट्याच्या अंगणात पोहे खायला लोक लाजत होते, पण खाल्ले.

१३ फेब्रुवारी

बोर्ड काढले. लोकांना अक्कल नाही, हे माझं मत कायम आहे.

स्वप्नालीनं लॅपटॉप मागवला. माझा बोर्ड उघडला आणि शेजारी मी ३ तारखेला केलेला श्रद्धांजलीचा. राखाडी तोच. फोटोची चौकट तीच. समई त्याच कोपऱ्यात, वात त्याच बाजूला वळलेली.

मी म्हटलं, माप बरोबर होतं म्हणून तीच फाइल घेतली असेल. दिवा आशेचा आहे.

"तुमच्या हाताला तसं वाटत नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पप्पा, तुमी मला विचारलं पण न्हाय. फोटो लावायच्या आधी एकदा विचारायचं की. मी हितंच होते." ती चिडली होती. कालच्यापेक्षा जास्त. लॅपटॉप बंद करून भिंतीकडं तोंड करून पडली.

मी दुकानात आलो आणि शटर अर्धं ओढून रडलो. राग आला होता. कुणाचा, ते लिहीत नाही. ती फाइल काढून टाकली. दोन्ही.

१४ मार्च

मोना मॅडमचा फोन. अंगणातल्या एकाचंही स्वप्नालीशी जुळलं नाही.

मी त्यांना नाही नाही ते बोललो. तुमचा धंदा, तुमच्या काड्या, आमच्या तोंडाला पानं पुसलीत. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "काका, नोंद कायम राहते. त्यातलं कुणीतरी दुसऱ्या कुणाच्या मुलीला जुळेल. तसंच तुमच्या मुलीला जुळणारं माणूस कुठल्या तरी दुसऱ्या अंगणात असेल." मी म्हटलं, मला दुसऱ्यांच्या मुलींशी काही देणंघेणं नाही. आणि फोन ठेवला.

स्वप्नालीला सांगितलं. आणखी एक बोर्ड करू का, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. शेवटी तीच म्हणाली, "एकवीस तारखेला माझा वाढदिवस हाय. बोर्ड करा. विजयसिंहासारखा. सगळी मुंडकी पायजेत."

१९ मार्च

ज्या प्रकारच्या बोर्डांना आयुष्यभर शिव्या घातल्या, तसला आज पोरीसाठी केला. गुलाबी, पिवळा, निळा, सगळे रंग. एका बाजूला स्वप्नाली, तिनं स्वतः निवडलेल्या फोटोत, जीभ बाहेर काढलेली. भोवती अंगणातले सगळे, 'शुभेच्छुक' म्हणून. पन्नाशीच्या पुढचे म्हणून तात्या आणि आत्या त्यात बसत नव्हते, पण स्वप्नाली म्हणाली, तात्या नसते तर कुणी बसलं नसतं. त्यांना वरच्या रांगेत घेतलं.

आणि बरोबर मधोमध, सगळ्यात मोठी चौकट, पांढरी. कोरी.

मी म्हटलं, चौकात असा बोर्ड लागला तर लोक म्हणतील दादासोच्या मशीनची शाई संपली. दुकानाचं नाव खराब होईल.

"म्हणूनच," ती म्हणाली. "चुकलेला बोर्ड बघून कुणी गप्प जात न्हाय. बारीक अक्षरात काय पण लिहू नका. येत्याल विचारायला."

२१ मार्च

आले. बोर्ड स्टँडसमोर, दुकानाच्या दारातून दिसेल असा लावलाय, सकाळपासून दुकानात हीच रीघ. "दादासो, मधला फोटो उडालाय." "मधी कोण हाय? वारलं का कुणी?" प्रत्येकाला मी उभ्यानं सगळं सांगितलं. हाडातला मगज, बंद कारखाना, काडी, कंबर, मणका नाही. लोक शेवटपर्यंत ऐकत होते, कारण तो फोटो कुणाचा हे कळल्याशिवाय त्यांचा पाय निघत नव्हता. ज्यांचे फोटो बोर्डावर आले ते बायकापोरं घेऊन सेल्फी काढायला येत होते, तेही मध्ये पडून सांगत होते. सुप्याच्या एका पाहुण्यानं तर माझं चुकलेलं दुरुस्त केलं. मला त्याचाही राग आला, पण तो बरोबर होता.

मोना मॅडमनी नवं खोकं पाठवलंय. मी सॉरी म्हटलं नाही. खोकं मिळालं एवढं कळवलं आणि आणखी एक मागवलं.

दुपारी विजयसिंह आले. बुलेट उभी करून बोर्डाकडं बघत राहिले. एवढी मोठी चौकट, स्टँडसमोर, आणि तीत कुणी नाही.

"दादासो, चौकात असं मोकळं बरं दिसत न्हाय. माझा फोटो टाका की तितं. फाइल तुमच्याकडं हायच."

"टाकतो," मी म्हटलं. ड्रॉवरमधून पाकीट काढून काडी पुढं केली. "जुळलं तर मधी. न जुळलं तर कडेला."

त्यांनी काडी घेतली आणि ओठांजवळ धरली. सवयीनं बाजूला बघितलं. फोटोग्राफर नव्हता, मी होतो आणि सेल्फीला आलेली माणसं होती. सगळी त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

उघडलं. आत मावा होता. नळ दाखवला.

घरी येऊन हे सांगितल्यावर स्वप्नाली इतकी हसली की हिरडीतून रक्त आलं. राजेश्वरीनं बर्फ आणून धरला. रक्त थांबल्यावर तिनं बर्फाचा रुमाल बाजूला केला आणि विचारलं, "चौकट कोरीच ठेवली ना?"

ठेवली आहे.